सातवा दाभण

हे कुणालाच पटणार नाही, असं उस्ता शहाता आधीच सांगून टाकायचा.

"मीत शराराच्या लोकांना पटलं नाही. कफ्र बदरानच्या लोकांनी तर उघड्या डोळ्यांनी बघितलं, त्यांनाही पटलं नाही. माझ्या गाढवाला सांगितलं, ते कान झाडून चालतं झालं. तुम्हालाही पटू नये. चहा मात्र कडक करा."

मग पिंजणाच्या, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुकलीच्या, तातीवर एकदा मोगरी मारून 'ध्रूंग' असा आवाज काढायचा, आणि सुरू करायचा. तो सांगायचा तशीच ही गोष्ट आहे. पदरचं काही घातलेलं नाही. त्याच्याच पदरात इतकं होतं की दुसऱ्यानं घालायला जागा नव्हती.

शहाता पिढीजात पिंजारी; उस्ता म्हणजे उस्ताद, सगळे त्याला तसंच म्हणायचे. नाईलच्या कालव्यांच्या मुलखात कापूस वेचून झाला, पऱ्हाट्या धाब्यावर चढल्या, की लग्नं सुरू होतात, आणि लग्न म्हटलं की नवरीच्या गाद्या आल्या. ते सहा आठवडे म्हणजे पिंजाऱ्याचं वर्ष. बाकीचे दिवस जुन्या उशा झोडपायच्या आणि नाकातला कापूस काढायचा. शहाताकडे सात गावं बांधलेली होती, बापापासूनची. बायको तफीदा बरोबर असायची, आणि सामान वाहायला पाशा. पाशा म्हणजे गाढव. दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या होत्या, त्यामुळे घराला कुलूप लावलं की सगळं कुटुंब रस्त्यावर.

त्या वर्षी हंगामाच्या दुसऱ्याच आठवड्यात, रविवारी, मीत शरारात त्याच्या कमरेत उसण भरली.

कशानं भरली ते ऐका. अडीच-अडीच मणांची कापसाची बोचकी ज्यानं पाठीवरून वाहिली, ओल्या गाद्या एकट्यानं धाब्यावर चढवल्या, तो माणूस त्या दिवशी एका तान्ह्या बाळाची उशी उचलायला वाकला. पाव शेर कापूस. उशी हातात आली आणि कमरेत 'कट्' असा आवाज झाला. कुणीतरी आतून कडी घालावी तसा. शहाता वाकलेला तसाच राहिला. नाक गुडघ्याच्या रेषेत, हातात उशी.

"काय शोधतोयस, उस्ता?" घरच्या बाईनं विचारलं.

आता पाव शेराच्या उशीनं कंबर मोडली असं कुठला पिंजारी सांगेल?

"सुई पडली," शहाता म्हणाला.

झालं. घरातल्या चार बाया, शेजारच्या तिघी, एक म्हातारा, सगळे ओणवे होऊन न हरवलेली सुई शोधू लागले. पाऊण तास शोधली. सगळं अंगण वाकलेलं असल्यामुळे शहाता त्यात शोभून गेला. शेवटी तफीदा आली. तिनं नवऱ्याच्या मानेवरचा घाम बघितला, कमरेवर हात ठेवला, आणि हळूच म्हणाली, "कितपत?"

"जमीन पाठ झाली माझी," शहाता म्हणाला.

तिच्या खांद्याला धरून तो इंच इंच सरळ झाला. पण सरळ झाला तो मुसळासारखा. ना वाकता येई, ना वळता येई. मान फिरवायची तर आख्खा माणूस फिरवायला लागे. आणि गुरुवारी कफ्र बदरानला लग्न होतं. चार गाद्या, आठ उशा, दोन रजया. तेही हाज्जा वस्फियाच्या घरी, तिच्या नातीच्या, इनसाफच्या, लग्नाच्या.

सोमवारी सकाळी निघाले. शहाताला गाढवावर बसवेना. पाय फाकवले की डोळ्यांपुढे काजवे. चालणं तर त्याहून अवघड. शेवटी तफीदानं त्याला पाशाच्या पाठीवर आडवा टाकला, पालथा, पिठाच्या पोत्यासारखा. एका बाजूला डोकं, एका बाजूला पाय. वर ऊन लागू नये म्हणून घोंगडी पांघरली आणि घसरू नये म्हणून दोरीनं बांधला.

वाटेत पहिला माणूस भेटला तो थांबला, टोपी सारखी केली, म्हणाला, "आपण सगळे अल्लाहचे, आणि त्याच्याकडेच जायचं."

"खरंय," तफीदा म्हणाली. वाटेत कुणी चांगलं बोललं तर नाही कशाला म्हणायचं?

दुसरा भेटला तो फातिहा म्हणून गेला. तिसरा तर पाव कोस बरोबर चालला आणि म्हणाला, "बाई, रडून घे गं. कोंडून ठेवू नकोस."

घोंगडीखालून शहाता कुजबुजला, "तफीदा, हे लोक मला काय समजतायत?"

"काही नाही. पडून राहा. तुझी तारीफ चाललीय."

कालव्यावर आले तर उतारावर ही रांग. कापसाच्या गाड्या, उंट, म्हशी, कोंबड्यांच्या डालग्या घेऊन बसलेल्या बाया. होडी एकच, दोराला धरून ओढायची, आणि ऊन डोक्यावर. इथं थांबलं तर संध्याकाळ इथंच. एवढ्यात होडीवाल्याची नजर पाशावर पडली. दसूकी त्याचं नाव. छाती पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा.

"मयत आहे!" तो ओरडला. "वाट द्या! मेलेल्याला थांबवू नये, माणसांनो! तो उंट मागं घे रे!"

तफीदानं खरं सांगायला तोंड उघडलं. रांगेकडे बघितलं. उन्हाकडे बघितलं. तोंड मिटलं आणि ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं.

"तफीदा..." घोंगडी म्हणाली.

"गप. मेलायस तू."

होडी निघाली. दसूकी दोर ओढत होता आणि रिवाजाप्रमाणे विचारपूस करत होता.

"कोण गं तुझा?"

"नवरा."

"कशानं गेला?"

"उशीनं."

"काय?"

"उशी उचलली आणि गेला."

दसूकीनं मान हलवली. "बघा. कुणी भिंत अंगावर पडून जगतं. माणूस भला होता पण. दिसतंच ते."

"कशावरून? तोंड झाकलंय."

"पाय बघ ना. भल्या माणसाचे पाय. असे पाय चोराला नसतात."

त्या भल्या पायावर एक माशी बसली. कालव्यावरची माशी, उंटाला हैराण करणारी. अंगठ्यावरून बोटावर, बोटावरून तळव्यावर. शहातानं दात आवळले, श्वास धरला, आठवतील तेवढ्या सुरा म्हटल्या. शेवटी अंगठा हललाच.

दसूकीनं दोर सोडला. "बाई. अंगठा हलला."

"हलणारच," तफीदा म्हणाली. "जिवंतपणी तरी कुठं ऐकायचा माझं?"

दसूकीनं दोर पुन्हा धरला, जोरजोरात ओढला आणि पलीकडच्या काठाला लागेपर्यंत पायांकडे पाठ करून उभा राहिला.

कफ्र बदरानच्या अलीकडे उसाच्या शेतात तफीदानं नवऱ्याला जिवंत केलं. उभा केला, अंगावरचं गवत झाडलं, पगडी नीट बांधली आणि बजावलं, "तिथं कंबर म्हणून शब्द काढायचा नाही. म्हातारीला कळलं तर आपण मेलो."

"मी आधीच मेलोय."

"मग दुसऱ्यांदा मरू नकोस."

कारण त्या सात गावांत एक रीत होती. नवरीची गादी शिवून झाली की बायांसमोर, ढोलकीवर, पिंजाऱ्यानं आधी तिच्यावर आडवं व्हायचं, आणि हात न टेकता एका उडीत उभं राहायचं. पिंजाऱ्याची पाठ तशी गादीची पाठ, आणि गादीची पाठ तसा संसार, असं तिथं मानतात. उडी चांगली पडली की किलकाऱ्या, आणि पुढच्या लग्नाचं बोलावणं तिथंच. पिंजारी कण्हत, हात टेकत उठला तर ती गादी उसवून टाकतात, आणि त्या पिंजाऱ्याला सातही गावांत पुन्हा कुणी पाणीसुद्धा विचारत नाही.

हाज्जा वस्फिया दारातच बसलेली. ऐंशीच्या पुढची, हज करून आलेली, हातात खजुराच्या फांदीची काठी.

"ये, उस्ता. असा ताठ का चालतोयस? सुलतान झालास का?"

"तुमच्या घरी यायचं म्हणजे ताठच यावं लागतं, हाज्जा."

"माझी गादी तुझ्या बापानं केली. तीन हात उडाला होता. एकेचाळीस वर्षं माझा नवरा आवाज चढवून बोलला नाही." म्हातारीनं काठी आपटली. "माझ्या मधल्या लेकीच्या वेळी परगावचा पिंजारी आणला. तो कोपर टेकून उठला. तिसऱ्या महिन्यात लेक पेटीसकट परत. तेव्हा गुरुवारी दुपारी, वरात निघायच्या आधी. हात न टेकता."

"छप्पर काढून ठेवा, हाज्जा," शहाता म्हणाला. "माझं डोकं आपटेल."

अंगणात तुतीचं झाड होतं. तफीदानं ते बघितलं आणि तिला सुचलं. पिंजायचं म्हणजे बसून, वाकून, तासन्‌तास. जमिनीवर बसणं जमत नव्हतं. तिनं पिंजण फांदीला दोरानं टांगलं, खाली कापूस बाजेवर उंच रचला, आणि नवऱ्याला पगडीच्या कापडानं बुंध्याला करकचून बांधला, काखेपासून मांड्यांपर्यंत. फक्त हात मोकळे. शहातानं मोगरी उचलली. ध्रूंग, ध्रूंग, ध्रूंग. कापूस उडायला लागला.

दहा मिनिटांत अर्धं गाव गोळा झालं.

"उस्ताला बांधलंय का? काय गुन्हा केला?"

"ही इस्कंदरियाची पद्धत," शहाता मानही न वळवता म्हणाला; वळत नव्हतीच. "बंदरावरचे मोठे पिंजारी हल्ली असेच पिंजतात. जमिनीवर बसून पिंजलेल्या कापसाला जमिनीची ओल लागते."

"मग बांधायचं कशाला?"

"मोगरीचा जोर बघितलास का? बांधलं नाही तर माणूस उडून जातो."

पुढच्या वर्षी त्या भागातला प्रत्येक पिंजारी झाडाला बांधून घ्यायला लागला, असं शहाता सांगायचा. एकाला म्हणे मुंग्यांच्या झाडाला बांधला होता.

पण सोपं नव्हतं ते. मोगरीचा प्रत्येक ठोका कमरेत वाजायचा. बिड्या ओढणारे पुरुष समोर बसून मजा बघायचे. मोगरी हातातून पडली तर उचलता येत नसे, "अगं, जरा ती..." असं म्हणत कोंबड्यांकडे बघायची पाळी. जोडा तफीदा घालणार. पाय तफीदा धुणार. नमाज त्यानं पालथ्या टोपलीवर बसून पढला, तेव्हा एक पोक्त बाई म्हणाली, "हीसुद्धा इस्कंदरियाची पद्धत का?" आणि सगळ्या खिदळल्या. शहाताही हसला; हसल्यानं कळ आली म्हणून अर्ध्यात थांबला.

उरलेलं सगळं तफीदानं ओढलं. खोळीत कापूस भरणं, कोपऱ्यांत मुठीनं ठासणं, वर चढून काठीनं झोडपणं, मग दाभणानं आरपार टाके. भुवया, पापण्या, ओठ, सगळं कापसानं पांढरं. मंगळवारी दुपारपर्यंत ती सत्तरीची दिसायला लागली.

"म्हातारी झालीस," बांधलेला शहाता म्हणाला.

"नवरा वारल्यावर होतंच."

ज्याला त्याला कंबरेचा संशय यायचाच. मग शहाता ज्याला त्याला वेगळं सांगायचा. एकाला सांगितलं, कमरेला काही नाही, विहिरीत पडलेली म्हैस काढली म्हणून अंग जरा आखडलंय. दुसऱ्याला सांगितलं, जिन्नाशी कुस्ती झाली, जिन्न अजून उठलेला नाही. बुधवारी सकाळी शेजारची बाई तुंबड्या घेऊन आली, "म्हैस काढलीस ना? उताणा... नाही, पालथा हो," म्हणून पाठीवर अकरा तुंबड्या लावून गेली. पाठीवर अकरा काळे चंद्र उमटले. कंबर होती तिथंच.

त्याच संध्याकाळी, ऊन उतरताना, काम संपलं. चार गाद्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, फुगलेल्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. तफीदानं सामान आवरलं आणि काम संपलं की मोजायचे तसे दाभण मोजले. शहाताच्या बापाची जुनी नमद्याची टोपी होती. तिच्यात सात दाभण खोचलेले असायचे, प्रत्येक वीतभर लांब.

सहा भरले.

तिनं पुन्हा मोजले. सहाच.

शहातानं तिचं तोंड बघितलं आणि त्याला घाम फुटला. पिंजाऱ्याच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. एकदा एका पिंजाऱ्याचा दाभण गादीत राहिला होता, तो नवरदेव आठ दिवस उभ्यानं जेवला, आणि तो पिंजारी आता वाळवंटात मीठ विकतो.

"शेवटचा कुठं वापरलास?"

"चारही गाद्यांवर सातही वापरलेत. मला काय माहीत?"

दोघांनी एकेक गादी चाचपली. तफीदा तळव्यानं दाबत गेली, शहाता पालथा पडून छातीनं. अर्धी वीत जाड ठासलेला कापूस. त्यात दाभण म्हणजे उसाच्या शेतात एक काडी. उसवायचं म्हटलं तर दोन दिवस. वरात उद्या.

"सांगून टाकू," शहाता म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "इनसाफ पोरगी आहे. तिला टोचण्यापेक्षा माझी सात गावं जाऊ देत."

तफीदानं सहाही दाभण टोपीत परत खोचले.

"उद्या उजेडात बघते," ती म्हणाली. "तू भट्टीवर जाऊन पड."

त्या घरांत भाकरीच्या मातीच्या भट्टीचा माथा सपाट असतो, ऊबदार. शहाता तिथं जाऊन पडला. पाठ शेकली, पण डोळा लागला नाही. एकीकडे उडी, एकीकडे दाभण.

गुरुवारी ढोलकी सकाळपासूनच. उंट दारात येऊन बसले, गळ्यात आरसे. अंगणात बाया मावेनात. गाद्या चटयांवर अंथरल्या, नवरीची गुलाबी पट्ट्यांची गादी मधोमध. शहाता भिंतीला टेकून उभा, तोंडावर हसू. तफीदानं सकाळी उजेडात बघितलं होतं का, काय झालं, विचारायला सवड मिळाली नव्हती. ती आपली गादीच्या कडेला बसून शेवटच्या कोपऱ्याचा गोंडा टाकत होती.

एवढ्यात दारात आरोळी. "इनसाफचा मामा आला!"

मामा आत आला. डोक्यावर साखरेचा मोठा गड्डा, छाती पिंपासारखी. दसूकी होडीवाला.

त्याला आधी तफीदा दिसली. "अगं बाई, तू? चार दिवसांत लग्नघरी? तुझा नवरा..."

मग त्याला भिंतीला टेकलेल्या शहाताचे अनवाणी पाय दिसले, तेच भल्या माणसाचे. डोक्यावरचा साखरेचा गड्डा सुटला तो कोंबड्यांत.

"हा!" दसूकीचा आवाज फाटला. "हा मेलाय! सोमवारी मी नेलाय याला! माझ्या होडीतून! उंट मागं घ्यायला लावले मी याच्यासाठी!"

ढोलकी थांबली.

"मामा, हा तर आमचा पिंजारी," इनसाफ घाबरून म्हणाली.

"पिंजारी असेल, पण मेलेला आहे! ताठलेला होता! मेलेल्या हातची गादी माझ्या भाचीला? विचार तिला, कशानं मेला! उशीनं!"

शेजारची तुंबडीवाली म्हणाली, "तरीच तो असा लाकडासारखा चालतो." दुसरी म्हणाली, "तरीच बांधून ठेवावा लागला." एक एक बाई मागं सरकायला लागली. शहातानं तोंड उघडलं. आयुष्यभर दहा हजार थापा मारलेला माणूस. त्या घडीला एक सापडेना. खरं सांगावं तर कंबर सांगावी लागणार, थाप मारावी तर मयतीवर काय थाप मारणार?

हाज्जा वस्फियानं काठी आपटली.

"गप्प बसा सगळे. मेलेला उडी मारत नाही. उस्ता, हो आडवा. उठलास तर जिवंत. नाही उठलास तर तसाच कबरस्तानात नेऊ, उंट दारात आहेतच."

शहातानं बिस्मिल्लाह म्हटलं. भिंत धरून, मग तफीदाच्या खांद्याला धरून, तो गादीवर लवंडला. आणि काय सांगावं! चाळीस वर्षं लोकांसाठी गाद्या केल्या, स्वतः चटईवर झोपला. पाठ कापसात बुडाली. कमरेतली गाठ जणू कुणी तळहातावर झेलली. लोक लग्नं का करतात ते त्याला त्या दिवशी समजलं. त्यानं डोळे मिटले.

"उस्ता," हाज्जा म्हणाली. "आता उठायचं असतं."

शहातानं पाय उचलायला बघितले. पाय कुणा दुसऱ्याचे. खांदे उचलायला बघितले. खांदे उद्या येतो म्हणाले.

"काय चाललंय?"

"दुआ मागतोय."

"केवढी मागतोस?"

"सात पिढ्यांची."

"तिसरीपर्यंत पुरे. ऊठ."

दसूकी 'बघा, बघा' म्हणून मान हलवतोय. शहाताला वर आभाळ दिसत होतं, तुतीची फांदी दिसत होती, आणि कडेला तफीदा, मान खाली घालून गोंडा आवळणारी. सात गावं गेली, त्यानं मनात म्हटलं. आता उठायचं तर कोपर टेकूनच. त्यानं कोपर हलवला.

आणि त्याच क्षणी खालून, उजव्या ढुंगणात, विंचवाच्या बापानं डसावं तसा डंख बसला.

"या अम्मा!" अशी किंकाळी मारून उस्ता शहाता उडाला. हात टेकले नाहीत, कोपर टेकला नाही, गुडघा नाही. हवेतच त्याच्या कमरेत 'कट्' झालं, त्याच जागी, तोच आवाज. रविवारी लागलेली कडी गुरुवारी निघाली. आणि तो दोन पायांवर उभा राहिला, सरळ, नरम, हात पसरलेले. त्यानं डावीकडे वळून बघितलं. मान वळली. उजवीकडे वळली. वाकला, साखरेचा गड्डा उचलला, दसूकीच्या हातात दिला.

मग जे झालं! बायांनी जिभा लवलवत किलकाऱ्या फोडल्या, उंट उठून उभे राहिले, हाज्जा वस्फियाची काठी हातातून पडली. दसूकीनं शहाताला छातीशी धरून उचलला. "मेलेला माणूस असा ओरडत नाही!" तो म्हणाला, आणि लगेच बायकांकडे वळून, "माझ्या होडीची पुण्याई. मेलेला चढला, जिवंत उतरला." त्या गर्दीत तफीदानं गादीच्या कडेला हात घातला, काहीतरी ओढलं आणि टोपीत खोचलं. शहातानं दुरून मोजले. सात.

चौघींनी त्याला तिथंच बोलावणी केली. नव्यानं एक गाव धरून आठ गावं झाली. इनसाफ सुखी आहे, नवरा आवाज चढवत नाही. चढवतो, पण शेतात जाऊन.

ही गोष्ट शहाता ज्या ज्या अंगणात पिंजण टांगायचा तिथं सांगायचा, आणि दर अंगणात उडी थोडी वाढायची. पुढच्या हंगामात मीत जरादला पोचेपर्यंत ती चांगलीच वाढली होती.

"असा उडालो," तिथल्या बायांना तो सांगत होता, मोगरी वर करून, "की शेजारच्या कबुतरखान्याचा माथा ओलांडला. वर दोन कबुतरं अंडी उबवत बसलेली. मी सलाम केला, त्यांनीही केला."

"या सलाम!" बाया अचंब्यानं म्हणाल्या.

"आणि तुम्हाला वाटेल, दाभण योगायोगानं लागला. अजिबात नाही. बुधवारी रात्री मी गादीला कान लावला होता. कापूस बोलतो, बायांनो, ऐकणारा पाहिजे. दाभण कुठं आहे ते मला नेमकं कळलं होतं. मी मनाशी म्हटलं, शहाता, उद्या त्या कोवळ्या पोरीला टोचायचं की तुला? आणि जाणूनबुजून, नेमका त्याच्यावरच जाऊन आडवा झालो."

बायांचे डोळे पाणावले. एकीनं चहात आणखी साखर घातली.

तफीदा गादीच्या कडेला टाके घालत बसलेली होती. नवऱ्याची गोष्ट चालू असताना ती कधी बोलत नसे. चाळीस वर्षांत एकदाही नाही. तिनं दातानं दोरा तोडला.

"खोटं," ती म्हणाली.

मोगरी वरच राहिली.

"दाभण गुरुवारी पहाटेच सापडला होता. पाशाच्या खोगिरात. गादीत तो नव्हताच कधी."

"नव्हता?" शहाता म्हणाला. त्याचा एक हात हळूहळू मागं गेला. "मग मला... टोचलं काय?"

तफीदानं दाभणाचं टोक उन्हात धरून बघितलं, आणि पुन्हा दोरा ओवायला घेतला.

"हातात होता माझ्या," ती म्हणाली. "आणि कबुतरखाना-बिबुतरखाना काही नाही. वीतभर उडालास. जेवढा दाभण, तेवढी उडी."